तांब्या टेबलावर बसलाच पाहिजे: प्रॉडक्ट फोटोला खरी वाटेल अशी सावली कशी द्यायची

पितळेचा तांब्या, मागे स्वच्छ पांढरं, कटिंग नीट, रंगही बरोबर. तरी फोटो बघताना काहीतरी खुपतं. तांब्या ठेवलेला वाटत नाही, चिकटवलेला वाटतो. बुडाखाली करड्या धुरासारखं काहीतरी असतं, पण त्यावर तांब्याचा भार आहे असं काही डोळ्यांना पटत नाही.

बहुतेक वेळा कारण एकच निघतं: फोटोशॉपच्या लेअर स्टाइलमधली 'ड्रॉप शॅडो' लावून काम संपवलेलं असतं (लेअर म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एक). ही सोय वस्तूच्या कडेची नक्कल करते, ती थोडी सरकवते आणि धूसर करते. भिंतीवर लावलेल्या कागदाची सावली अशीच पडते, त्यामुळे बटणांना आणि लग्नपत्रिकेवरच्या अक्षरांना ती शोभते. तांब्या मात्र भिंतीला चिकटलेला नसतो. तो जमिनीवर उभा असतो, त्याचं बूड टेकलेलं असतं आणि पोट हवेत असतं. या दोन भागांच्या सावल्या एकसारख्या असूच शकत नाहीत.

म्हणून सावली एका लेअरची नसते. निदान तीन लागतात: बुडाशी टेकणीची, उजेडाच्या उलट बाजूला पडणारी आणि भोवती हलकी पसरणारी. क्रमही हाच ठेवायचा. पडणारी सावली आधी करून टेकणीची नंतर बसवणारे लोक शेवटी दोन्ही पुन्हा करतात, हे मी बरेचदा पाहिलंय आणि सुरुवातीला स्वतःही केलंय.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरतो. ३००० बाय ३००० पिक्सेलचा चौकोन, त्यात १८०० पिक्सेल उंचीचा तांब्या, बुडाची रुंदी ५०० पिक्सेल. तुमचा फोटो अर्धा असेल तर ब्लरचे (धूसर करण्याचे) आकडेही अर्धे करा. पायऱ्या फोटोशॉपच्या आहेत. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलंय.

## तयारी १: नवी सावली लागणारच आहे का?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. फोटो पांढऱ्या कार्डशीटवर काढलेला असेल आणि सावली बरी पडली असेल, तर तीच वापरा. हाताने केलेली कुठलीही सावली तिच्यापेक्षा सरस होणार नाही.

मूळ फोटोच्या लेअरची प्रत घ्या आणि रंग काढून टाका. 'लेव्हल्स' उघडून उजवीकडचा पांढरा स्लायडर डावीकडे ओढत न्या आणि कार्डशीट नुकती पांढरी झाली की थांबा. या लेअरचा मोड 'मल्टिप्लाय' (खालचं चित्र फक्त गडद करणारा) करा आणि कापलेला तांब्या तिच्या वर ठेवा. लांबच्या सुरकुत्या, डाग मास्कने झाका (मास्क म्हणजे लेअर न पुसता तिचा भाग लपवणारा पडदा: काळं तिथे लपतं, पांढरं तिथे दिसतं). पाच मिनिटांचं काम.

हे जमत नाही ते कार्डशीट एका बाजूने काळवंडलेली असते तेव्हा. डावी बाजू पांढरी होईपर्यंत उजवीकडची सावलीच उडून जाते. तसं झालं, किंवा फोटो रंगीत चादरीवर काढलेला असला, तरच पुढचं सगळं करा.

सावध: कापून झाल्यावर मूळ फोटो डिलीट करू नका. सावली कुठे आणि किती लांब पडली होती याचा तो एकमेव पुरावा आहे. तो सगळ्यात खाली, लेअरपुढची डोळ्याची खूण बंद करून ठेवा.

## तयारी २: उजेड वाचणे

सावली करायच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहा: उजेड कुठून येतो आणि कॅमेरा किती वरून बघतो.

उजेडाची दिशा मूळ सावलीवरून काढावी, ते सगळ्यात खात्रीचं. ती नसेल तर लोक तांब्याच्या पोटावरची चकाकी बघतात आणि फसतात. चकचकीत पितळ आरशासारखं असतं. त्यावरचा उजेडाचा ठिपका दिवा आणि कॅमेरा यांच्या साधारण मधोमध पडतो. दिवा अगदी डाव्या हाताला असला, तरी ठिपका पोटाच्या डाव्या कडेला दिसत नाही, कड आणि मध्य यांच्या दरम्यान दिसतो. म्हणजे ठिपका सांगतो त्यापेक्षा दिवा नेहमी जास्त बाजूला असतो. शिवाय पितळेत खिडकी, पांढरा थर्माकोल, कधी फोटो काढणाऱ्याचा शर्टसुद्धा चमकतो. यातला कुठला ठिपका मुख्य उजेडाचा हे ठरत नसेल तर चकाकी सोडून द्या आणि तांब्याची कुठली बाजू एकूण काळी आहे ते बघा.

कॅमेऱ्याची उंची तांब्याचं तोंड सांगतं. तोंड मुळात गोल, फोटोत ते चपटं दिसतं. त्याची रुंदी आणि उंची मोजा. समजा रुंदी ६०० आणि उंची १५० भरली, म्हणजे प्रमाण एक चतुर्थांश, आणि कॅमेरा साधारण १५ अंश वरून बघतोय. हा चतुर्थांश लिहून ठेवा. जमिनीवरची प्रत्येक गोष्ट, बुडाचं वर्तुळ असो की सावलीची खोली, या फोटोत उभ्या दिशेने चौपट दाबलेली दिसणार. मागे जाणारी सावली लोक हमखास फार उंच काढतात ती हे मोजलेलं नसतं म्हणून.

## तयारी ३: कटिंग आणि लेअरचा क्रम

पेन टूलने कापा आणि रेघ वस्तूच्या कडेच्या एखाद पिक्सेल आतून न्या. सिलेक्शनला अर्धा पिक्सेल फेदर (कडेचा मऊपणा) पुरे. बुडाची कड २०० टक्क्यांवर मुद्दाम तपासा. जुन्या सावलीचा करडा ओठ तिथे हमखास शिल्लक राहतो आणि नव्या सावलीवर तो पांढुरक्या किनारीसारखा चमकतो.

फाइल १६ बिटमध्ये ठेवा. ८ बिटमध्ये हलक्या सावलीत पायऱ्या-पायऱ्या दिसू लागतात. चौकोनात सावलीच्या बाजूला जागा सोडा. तांब्या मधोमध ठेवून मग सावली कडेला कापली जातेय असं लक्षात आलं, की सगळं हलवावं लागतं.

लेअर खालून वर असे: पार्श्वभूमी, पसरट सावली, पडणारी सावली, टेकणी, तांब्या. मधल्या तिन्ही एका ग्रुपमध्ये.

## टप्पा १: टेकणी

एक प्रयोग करा. घरातलं कुठलंही भांडं खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवा आणि बुडाशी डोळे नेऊन बघा. जिथे धातू कागदाला भेटतो तिथे काजळाच्या काडीने ओढावी तशी बारीक काळी रेघ असते. तिच्या बाहेर बोटभर रुंदीचा करडा पट्टा. त्यानंतर झपाट्याने कागद उजळतो. वस्तू बसलेली वाटते ती या रेघेमुळे. मोठी सावली अजिबात नसली तरी चालतं, ही रेघ नसली तर चालत नाही.

१. तांब्याच्या खाली नवी लेअर घ्या. लंबवर्तुळाकार सिलेक्शन काढा: रुंदी ४९०, उंची १२५. वर लिहिलेला चतुर्थांश इथे वापरला. बूड तोंडापेक्षा किंचित जास्त वरून दिसतं, म्हणून उंची १३० केली तरी हरकत नाही. त्याहून मोठी नको.

२. अगदी गडद तपकिरी भरा, आरजीबी (लाल, हिरवा, निळा) ४५, ३६, २८ च्या आसपास. सिलेक्शन सोडा. गॉशियन ब्लर ३ पिक्सेल, ऑपॅसिटी (लेअर किती ठळक दिसेल ते प्रमाण) ८५ टक्के. ही लेअर अशी सरकवा की बुडाच्या खाली तिची चार-पाच पिक्सेलच बाहेर डोकावतील.

३. तिच्या खाली दुसरी लेअर: ५४० बाय १४०, ब्लर १५ पिक्सेल, ऑपॅसिटी ४५ टक्के.

४. दोन्हींवर मास्क लावा. मऊ ब्रश ३० टक्क्यांवर ठेवून उजेडाच्या बाजूचं टोक दोन-तीन हात फिरवून फिकं करा. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची राहिली तर ती पेनने काढलेली दिसते.

सावध: टेकणी काढताना पोटाची रुंदी धरू नका. तांब्याचं पोट ९०० पिक्सेल असेल, पण जमिनीला टेकतं ते ५०० चं बूड. अख्ख्या आकाराचं सिलेक्शन घेऊन चपटं केलं की पोटाइतकी रुंद काळी बशी तयार होते आणि तांब्या तिच्यात ठेवल्यासारखा दिसतो.

सावध: ब्लरच्या आधी सिलेक्शन सोडायला विसरलात तर धूसरपणा सिलेक्शनच्या कडेला कापला जातो. फोटोशॉपमध्ये लेअरचं 'लॉक ट्रान्सपरंट पिक्सेल्स' आणि गिंपमध्ये 'लॉक अल्फा' चालू असलं तरी तेच होतं. गिंपमध्ये आणखी एक: ब्लर लेअरच्या चौकटीबाहेर जायला हवा म्हणून आधी 'लेअर टू इमेज साइज' करून घ्या.

तपासा: बाकी सगळ्या सावल्या बंद करा आणि १०० टक्क्यांवर बघा. एवढ्यावरच तांब्या बसलेला वाटला पाहिजे. वाटत नसेल तर पुढे जाऊ नका, पुढची कुठलीही सावली ही चूक झाकत नाही.

## टप्पा २: पडणारी सावली

इथे बहुतेक जण आकृती घेतात, 'डिस्टॉर्ट'ने वरचे दोन कोपरे पकडतात आणि बरं दिसेपर्यंत ओढतात. कधीकधी जमतंही. दुसऱ्या फोटोत मात्र ओढणं वेगळं होतं आणि दोन फोटो शेजारी आले की गडबड उघडी पडते. त्यापेक्षा जमिनीचा नकाशा डोक्यात ठेवून तीन साध्या क्रिया करा, उत्तर दर वेळी तेच येईल.

आधी लांबी. उजेड ४५ अंश वर असेल तर सावली वस्तूच्या उंचीएवढी. ६० अंशांवर उंचीच्या ५८ टक्के. ३० अंशांवर पावणेदोन पट. प्रॉडक्ट फोटोला मी शक्यतो ६० च्या आसपास राहतो. संध्याकाळच्या उन्हासारखी लांब सावली सुंदर दिसते, पण ती शेजारच्या फोटोच्या चौकटीपर्यंत जाते.

आपल्या तांब्याला उजेड समोरून डावीकडून, ६० अंशांवरून येतोय असं धरू. म्हणजे सावली मागे उजवीकडे जाणार.

१. कंट्रोल धरून तांब्याच्या लेअरच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, आकाराचं सिलेक्शन मिळेल. नवी लेअर घ्या, गडद रंग भरा, सिलेक्शन सोडा.

२. कंट्रोल टी दाबा, आकार बदलायची चौकट येईल. वरच्या पट्टीत फिरण्याचा बिंदू दाखवण्याची खूण आहे, ती चालू करा. हा बिंदू आकृतीच्या सगळ्यात खालच्या टोकावर न ठेवता बुडाच्या वर्तुळाच्या मध्यावर न्या, म्हणजे खालून सुमारे ६० पिक्सेल वर. रुंदी-उंचीमधली साखळी सोडवा आणि उंची ५८ टक्के करा.

३. त्याच वेळी ४५ अंश उजवीकडे फिरवा. एंटर दाबा. आता तुम्ही जमिनीकडे थेट वरून बघताय, सावली तिरकी पडलेली आहे.

४. पुन्हा कंट्रोल टी, पुन्हा तोच बिंदू, आणि फक्त उंची २५ टक्के. एंटर.

सावलीचं टोक आता बुडाच्या मध्यापासून सुमारे ७१५ पिक्सेल उजवीकडे आणि फक्त १८० पिक्सेल वर येतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा 'एवढी चपटी?' असं वाटेल. मूळ फोटोशी ताडून बघा, तिथेही ती तेवढीच चपटी असते.

सावध: तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत एंटर दाबून खंड पाडणं गरजेचं आहे. एकाच फेरीत फिरवलं आणि दाबलं तर चौकट फिरलेलीच राहते आणि दाब तिरका बसतो. लेअर आधीच स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जपून ठेवणारी लेअर) केली असेल तर एंटर दाबूनही चौकट फिरलेलीच सापडेल. म्हणून हे सगळं साध्या लेअरवर करा, स्मार्ट ऑब्जेक्ट नंतर. गिंपमध्ये रोटेट आणि स्केल ही वेगवेगळी टूल्स असल्याने हा घोळ होत नाही. शेवटी मूव्ह टूलने सावलीचं बूड वस्तूच्या बुडाशी जुळवावं लागतं, एवढंच.

उजेड मागून येत असेल तर सावली पुढे, बघणाऱ्याकडे येते. तेव्हा ४५ ऐवजी १३५ अंश फिरवा, बाकी सगळं तेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तांब्या चहूबाजूंनी सारखा असतो, म्हणून कॅमेऱ्याला दिसलेली आकृती सावलीलाही चालते. चहाच्या किटलीचं तसं नाही. कॅमेऱ्याला तिची चोच आणि कान दोन्ही बाजूला दिसतात, पण उजेड चोचीच्या दिशेने येत असेल तर सावलीत चोच दिसणारच नाही. अशा वेळी ती आकृती पेन टूलने हाताने काढावी लागते. तपशील लागत नाही, ढोबळ ठोकळा पुरतो, कारण पुढच्या टप्प्यात तो धूसर होणारच आहे.

## टप्पा ३: जवळ धारदार, लांब धूसर

रात्री दिव्याखाली हात भिंतीला टेकवा, बोटांची सावली रेखीव दिसेल. हात हळूहळू मागे घ्या, कड विरघळत जाईल. सावलीतही तेच. बूड जमिनीला लागून असतं, त्याची सावली रेखीव. तांब्याचं तोंड जमिनीपासून सगळ्यात लांब, त्याची सावली सगळ्यात विरळ. सगळीकडे सारखा ब्लर दिला की सावली ढगासारखी होते.

फोटोशॉपच्या ब्लर गॅलरीत 'फील्ड ब्लर' आहे. बुडाशी एक पिन ८ पिक्सेलची, टोकाशी दुसरी ४५ ची, झालं. मला स्वतःला दोन प्रतींची पद्धत जास्त आवडते, कारण ती नंतर दुरुस्त करता येते आणि गिंपमध्येही जशीच्या तशी चालते:

१. सावलीच्या दोन प्रती. एकीला ८ पिक्सेल ब्लर, दुसरीला ४५.

२. दोघींना मास्क. पहिलीवर काळा-पांढरा ग्रेडियंट बुडापासून टोकाच्या दिशेने असा ओढा की बुडाशी ती दिसेल आणि मध्यापर्यंत विरेल. दुसरीवर उलट.

३. दोन्हींचा ग्रुप करून त्या ग्रुपवर तिसरा मास्क: बुडाशी पूर्ण पांढरा, टोकाशी गडद करडा, म्हणजे तिथे सावली साधारण ३० टक्केच दिसेल. सावली लांब जाताना नुसती धूसर होत नाही, फिकीही होते. भोवतालचा उजेड तिथे जास्त पोचतो.

४. ग्रुपची ऑपॅसिटी ३५ टक्क्यांपासून सुरू करून डोळ्यांनी ठरवा.

ग्रेडियंट सावलीच्या दिशेने ओढायचा, सरळ वर नाही. चपट्या सावलीत तो तिरका आणि जवळपास आडवा येतो. आणि ब्लर देताना मास्क निवडलेला नाही ना, हे बघून घ्या. मास्क धूसर होतो, सावली तशीच राहते आणि माणूस आकडा वाढवत बसतो.

## टप्पा ४: पसरट सावली

मोठं लंबवर्तुळ, १३०० बाय ३२५, ब्लर १२० पिक्सेल, ऑपॅसिटी १० ते १२ टक्के, मध्य सावलीच्या बाजूला थोडा सरकलेला. चालू-बंद करून बघा. चालू असताना लक्षात येऊ नये आणि बंद केल्यावर चुकचुकावं, एवढीच ती हवी.

## टप्पा ५: रंग आणि मोड

'सावली मल्टिप्लायमध्ये ठेवा' असं सगळे सांगतात, का ते फार कमी जण सांगतात. शुद्ध काळा भरला असेल तर नॉर्मल आणि मल्टिप्लाय यांत फरक पडतच नाही, करून बघा. फरक पडतो तो सावलीला रंग दिल्यावर. तपकिरी सावली नॉर्मल मोडमध्ये गडद सागवानी लाकडावर ठेवली तर लाकडाच्या काळ्या रेषा तिच्याखाली दुधाळ होतात. मल्टिप्लायमध्ये काहीच उजळत नाही, रेषा तशाच राहतात.

रंग द्यावाच. पितळेजवळच्या पांढऱ्या कागदावर पिवळसर झाक पडते, म्हणून टेकणी तपकिरीकडे झुकलेली ठेवली. लांबच्या सावलीला थोडा थंड करडा द्या, आरजीबी ६०, ६२, ६८ सारखा. उन्हातल्या फोटोत हा निळेपणा वाढवा, कारण सावलीत सूर्याचा उजेड पोचत नाही, आकाशाचा पोचतो. लाल मातीच्या कुंडीजवळ झाक तांबूस. हे सगळं चिमूटभर. झाक ओळखू आली की जास्त झाली.

तपासा: इन्फो पॅनेल उघडा आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर कर्सर फिरवा. आकडे असे हवेत (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा): बुडाच्या रेघेत ४० ते ६०, बुडालगतच्या सावलीत १६० ते १८५, टोकाशी २३५ च्या वर, आणि चौकोनाच्या चारही कडांना नेमकं २५५. मधले आकडे माझ्या सवयीचे आहेत, कडेचा २५५ मात्र सवयीचा नाही. ॲमेझॉनच्या मुख्य फोटोला पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, २५५-२५५-२५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला लागतो. आपला उदाहरणाचा तांब्या त्या मापाला लहान आहे. तिथे टाकायचा असेल तर चौकट आवळा, पडणारी सावली उडवा आणि टेकणी तेवढी ठेवा.

## टप्पा ६: दाणा

कॅमेऱ्याच्या फोटोला बारीक दाणा असतो, हाताने केलेली सावली प्लास्टिकसारखी गुळगुळीत असते. सावल्यांच्या वर आणि तांब्याच्या खाली ५० टक्के करड्या रंगाची लेअर ठेवा, मोड 'ओव्हरले', आणि तिला 'ॲड नॉइज'ने दीड-दोन टक्के एकरंगी दाणा द्या. ओव्हरलेमध्ये शुद्ध पांढऱ्यावर काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे दाणा फक्त सावलीत दिसतो आणि कडांचा २५५ शाबूत राहतो. हलक्या भागातल्या पायऱ्याही यात मोडतात.

## टप्पा ७: शेवटची झडती

सगळ्यात वर लेव्हल्सची ॲडजस्टमेंट लेअर घ्या आणि काळा स्लायडर २३० पर्यंत उजवीकडे ओढा. चित्र भयंकर दिसेल. आता कुठे सरळ रेषेत कापलेला ब्लर, अर्धवट पुसलेला मास्क, कडेपर्यंत पोचलेली पसरट सावली, सगळं उघडं पडतं. दुरुस्त करून ही लेअर काढून टाका. विसरू नका, मी एकदा तशीच फाइल पाठवलीय.

मग फोटो आडवा उलटा करून बघा, सरावलेल्या डोळ्यांना तेव्हाच चूक दिसते. शेवटी १५० पिक्सेलला लहान करून बघा. गिऱ्हाईक पहिल्यांदा मोबाइलवर एवढाच बघतं. त्या मापात सावलीने तांब्याचा आकार बिघडवला असेल, पोट एका बाजूला सुजल्यासारखं वाटत असेल, तर पडणाऱ्या सावलीची ऑपॅसिटी दहाने उतरवा.

जेपीईजी करताना एसआरजीबी (वेबवरची नेहमीची रंगपद्धत) आणि क्वालिटी ८० च्या वर. पारदर्शक पीएनजी द्यायची असेल तर गोष्ट वेगळी: खाली पार्श्वभूमीच नसल्याने मल्टिप्लाय फाइलबरोबर जात नाही, सावली साध्या लेअरसारखी उमटते आणि रंगीत असेल तर गडद पानावर दुधाळ दिसते. पीएनजीसाठी सावलीची काळी, नॉर्मल मोडमधली प्रत वेगळी ठेवा. काळ्याला मोडचा फरक पडत नाही, तो इथे कामी येतो.

## पुढच्या चाळीस फोटोंसाठी

एका भांडीवाल्या गिऱ्हाइकाची अडतीस चित्रं मी दोन आठवड्यांत तुकड्यातुकड्याने केली. प्रत्येक सुटं चांगलं होतं. पानावर एकत्र लागली तेव्हा पहिल्या ओळीत सावल्या उजवीकडे, दुसऱ्या ओळीत एक डावीकडे, एक समोर. दुकानात जणू सात खिडक्या होत्या. फोटो काढतानाच उजेड बदलला होता आणि मी प्रत्येक फोटोशी प्रामाणिक राहिलो होतो.

तेव्हापासून पहिल्या फोटोवरच दिशा, अंश आणि ऑपॅसिटी ठरवतो, सावलीचा ग्रुप वेगळ्या पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलमध्ये) नमुना म्हणून ठेवतो आणि उलट्या उजेडाचा फोटो आला तर, वस्तूवर अक्षरं नसतील, तर फोटोच आडवा उलटा करतो. अक्षरं असतील तर पडणारी सावली जवळजवळ काढून टेकणीवर भागवतो.

## तांब्या नसेल तर

कोल्हापुरी चप्पल. तळ सगळा टेकलेला असतो असं वाटतं, पण चवडा आणि टाच यांच्या मध्ये चामडं किंचित उचललेलं असतं. टेकणीची रेघ तिथे रुंद आणि फिकी करा. अंगठ्याच्या आणि आडव्या पट्ट्याखाली तळावर जी सावली पडते ती मूळ फोटोतली असते. कटिंग करताना पट्ट्याच्या पोकळीत पार्श्वभूमी राहिली नाही ना, ते बघा. जोडीतली एक चप्पल दुसरीवर तिरकी ठेवली असेल तर खालच्या चपलेवर वरचीची सावली लागते. ती वेगळी लेअर, खालच्या चपलेच्या आकाराला क्लिप केलेली.

घडी घातलेली साडी, वरून काढलेला फोटो. इथे वस्तू खरोखर आडवी आहे, म्हणून ड्रॉप शॅडो चालते. ती लावून लेअर स्टाइल वेगळ्या लेअरमध्ये फोडा आणि घडीच्या जाड बाजूला रुंद, पदराच्या पातळ बाजूला अगदी अरुंद ठेवा.

कोकम सरबताची बाटली. काचेची सावली करडी करू नका. उजेड सरबतातून जातो आणि सावलीच्या मधोमध लाल, उजळ पट्टा पडतो. कडा गडद, कारण तिथला उजेड वळून मधल्या पट्ट्याकडे जातो. पडणारी सावली वरच्याच पद्धतीने करा, ऑपॅसिटी निम्मी ठेवा. मग तिच्या वर सरबताच्याच रंगाची लांबट लेअर मल्टिप्लायमध्ये, २० पिक्सेल ब्लर, आणि सावलीच्या मास्कमध्ये मऊ ब्रशने त्या पट्ट्याखालचा करडा भाग पुसून काढा. झाकण अपारदर्शक असतं, त्याच्या सावलीत लाल नको, तिथे पुन्हा साधा करडा. लेबलचंही तसंच: कागद आहे तिथे उजेड अडतो, म्हणून लाल पट्टा लेबलच्या सावलीपाशी तुटला पाहिजे.